फ्रिज, हीटर आणि मधली डबी: बिअरचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर घरी बनवताना

घरी बिअर करायला लागलेला माणूस पहिल्या चार-पाच बॅचेस रेसिपीच्या मागे धावतो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कोणता घेऊ, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) कधी टाकू, उकळी किती वेळ ठेवू. मीही तेच केलं. एकाच रेसिपीची बिअर कधी झकास व्हायची, तर कधी तिला नेल पॉलिशसारखा वास मारायचा. गोम कुठे आहे ते कळलं एका साध्या थर्मामीटरमुळे. तो फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, अंगाला चिकटवला तेव्हा खोलीत २२ अंश होते आणि फर्मेंटरवर २६.

हे वरचे चार अंश यीस्टने स्वतः कमावलेले. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवता बनवता यीस्ट उष्णताही सोडतं. २० लिटरच्या बॅचमधली ही सगळी उष्णता आतच कोंडून राहिली, तर बिअर दहा-एक अंशांनी तापेल. बरीचशी भांड्याच्या अंगातून निघून जाते म्हणून आपल्याला दोन ते पाच अंशांची चढ दिसते. पण ती येते पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि चवीचं बरंवाईट ठरतं तेही त्याच दिवसांत. बहुतेक एल (उबेत आंबणारी बिअर) यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, लागर (थंडाव्यात आंबणारी बिअर) यीस्टला ९ ते १३. त्याच्या बरंच वर गेलात की घशाला झोंबणारी फ्युझेल अल्कोहोलं वाढतात आणि केळ्याचा, थिनरचा वास चढतो. फार खाली गेलात तर यीस्ट हातपाय गाळून तळाशी बसतं आणि बिअर अर्धवट गोड राहते.

खोलीचा एसी लावून हे भागत नाही. सांभाळायची आहे ती बिअर, खोली नव्हे. एवढं मनाशी पक्कं केलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचं 'असं का' हे विचारावंच लागत नाही.

बिअरसाठी अख्खा फ्रिज अडवला म्हणून घरात कोणी नाक मुरडलं, तर इतिहास आपल्या बाजूने आहे. बव्हेरियात १५५३ मध्ये फर्मानच निघालं होतं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायची नाही. उन्हाळ्यात ती बिघडायची, त्यामुळे ऋतू हाच काय तो कंट्रोलर. हे बंधन खऱ्या अर्थाने सैल झालं ते १८७० च्या दशकात, कार्ल फॉन लिंडेने शीतकरणाचं यंत्र उभं केल्यावर. त्याचं सुरुवातीचं यंत्र म्युनिकच्या एका बिअर कारखान्यासाठीच होतं. घरातल्या फ्रिजचे पूर्वज बिअरच्याच तळघरातून आलेले आहेत.

नेमकं काय बनवायचं आहे

एक डबी. तिच्यातून एक सेन्सर बाहेर येतो, तो फर्मेंटरला लागतो. डबीवर दोन सॉकेट: एकात फ्रिजचा प्लग, दुसऱ्यात हीटरचा. बिअर तापली की फ्रिजचा सॉकेट चालू होतो, गार पडली की हीटरचा, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही बंद. फ्रिज उघडायचा नाही, त्याची एकही वायर कापायची नाही. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंडवर ठेवून द्यायचा, म्हणजे तो कायम चालायला तयार असतो आणि त्याला वीज कधी द्यायची हे डबी ठरवते.

या डबीचा मेंदू म्हणून मी नवख्याला एसटीसी-१००० हाच सुचवीन. हा पॅनेलमध्ये बसवायचा छोटा तयार कंट्रोलर आहे. त्यात थंड आणि गरम यांचे दोन वेगळे रिले, म्हणजे कंट्रोलरने चालू-बंद होणारे स्विच, आहेत, सेन्सर सोबत येतो, आणि कॉम्प्रेसरला विश्रांती देणारा टायमर आधीच भरलेला आहे. प्रोग्रामिंग शून्य.

अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर, स्वतः लिहिलेला कंट्रोलर जास्त मजेचा आहे हे कबूल. पण तो दुसऱ्या वर्षी करा. डीएस१८बी२० हा त्यातला नेहमीचा सेन्सर उत्तम आहे, मात्र तो वीज मिळाल्या मिळाल्या, पहिलं मोजमाप व्हायच्या आत वाचला तर ८५ अंश सांगतो. वायर तुटली तर सेन्सर वाचणाऱ्या नेहमीच्या तयार कोडमधून (लायब्ररीतून) उणे १२७ येतं. हे दोन आकडे गाळायचं कोडमध्ये राहिलं, तर पहिल्या वेळी फ्रिज उगाच धावतो आणि दुसऱ्या वेळी हीटर थांबतच नाही.

वायर सोलण्याआधी

हे मेन्स विजेचं, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या विजेचं, काम आहे. घरातला सॉकेट कधी स्वतः बदलला नसेल, फेज आणि न्यूट्रल यांतला फरक बोटांवर सांगता येत नसेल, तर जोडणी वायरमनकडून करून घ्या. किंवा याच कामाचा, प्लग आणि सॉकेट लागूनच येणारा तयार कंट्रोलर घ्या. त्यात काही कमीपणा नाही. सेन्सर, आकडे आणि हीटर यांबद्दल पुढे जे आहे ते तयार डबीलाही जसंच्या तसं लागू पडतं, आणि बिअर सुधारते ती तिथेच.

स्वतः करणार असाल, तर डबी ज्या लाइनवर चालणार तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. फर्मेंटर, बर्फ, सांडलेलं पाणी आणि वीज हे सगळं एका हाताच्या अंतरावर असणार आहे. आणि घरी बिअर बनवण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तुमच्याकडचे पाहून मगच सुरुवात करा.

सामान

एसटीसी-१००० घेताना व्होल्टेज तपासा. तो ११० व्होल्टचा, २२० व्होल्टचा आणि कमी व्होल्टेजचाही येतो, दिसायला सगळे सारखेच. त्याशिवाय कंट्रोलर आणि दोन सॉकेट सुटसुटीत मावतील असा प्लॅस्टिकचा जाड डबा, अर्थिंगसकट तीन तारांची केबल आणि प्लग, आतल्या जोडणीसाठी १.५ चौरस मिलिमीटरची वायर, फ्यूज होल्डर, केबल ग्लँड (डब्याच्या भोकात केबल घट्ट धरणारी गोल चकती), जोडणीसाठी कनेक्टर आणि एक मल्टीमीटर.

डबा जरा मोठाच घ्या. माझा पहिला डबा टुमदार होता. सगळं आत कोंबून झाकण दाबताना एक वायर टर्मिनलमधून निसटली, आणि ती अर्थची होती हे मला झाकण पुन्हा उघडल्यावर कळलं.

जोडणी

झाकणावर ७१ बाय २९ मिलिमीटरचा आयत आखा. चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडा, मधला भाग कापा आणि कडा कानशीने घासा. कंट्रोलर समोरून आत सरकतो आणि बाजूच्या दोन नारिंगी क्लिपा त्याला मागून धरतात. आयत एक-दोन मिलिमीटर लहानच कापा. वाढवता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही.

कंट्रोलरच्या पाठीमागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ ही कंट्रोलरची स्वतःची वीज, ३ आणि ४ सेन्सर, ५ आणि ६ गरमचा रिले, ७ आणि ८ थंडचा रिले. तरीही तुमच्या हातातल्या नगावर चिकटवलेला नकाशा आधी वाचा. या कंट्रोलरच्या नकला पुष्कळ आहेत, आणि नगावर जे छापलंय तेच खरं धरायचं.

नवखा इथे एका ठिकाणी हटकून अडखळतो. त्याला वाटतं ५-६ मधून किंवा ७-८ मधून वीज बाहेर येते. तसं नाही. रिले म्हणजे नुसता स्विच. त्याच्या एका पायाला फेज आपणच आणून द्यायची, मग दुसऱ्या पायातून ती सॉकेटकडे जाते.

तर आत आलेली फेज आधी फ्यूजमधून न्या. फ्यूज १० अँपिअरपेक्षा कमी आणि स्लो-ब्लो जातीचा घ्या, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि साधा फ्यूज तेवढ्यानेच उडतो. फ्यूजनंतर फेजच्या तीन शाखा करा: टर्मिनल १, टर्मिनल ५ आणि टर्मिनल ७. टर्मिनल ६ मधून हीटरच्या सॉकेटची फेज निघते, टर्मिनल ८ मधून फ्रिजच्या सॉकेटची. न्यूट्रल टर्मिनल २ ला आणि दोन्ही सॉकेटना थेट. अर्थ दोन्ही सॉकेटना थेट, आणि डबा धातूचा असेल तर डब्यालाही. अर्थ कुठल्याही स्विचमधून किंवा फ्यूजमधून जात नाही. वायरींचे रंग देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा रंगाच्या भरवशावर राहू नका, मल्टीमीटरने खात्री करा.

जोड-सॉकेट वापरत असाल तर तो उलटा करून बघा. काहींमध्ये दोन्ही सॉकेटची फेज एका छोट्या पितळी पट्टीने जोडलेली असते. ती फेजच्या बाजूने मोडली नाही, तर एक रिले चालू झाला की फ्रिज आणि हीटर दोघांनाही वीज मिळते आणि दोघं एकमेकांशी झुंजत बसतात. न्यूट्रलच्या बाजूची पट्टी मात्र तशीच राहू द्या.

सेन्सरच्या दोन तारांना उलटसुलट असं काही नसतं, कोणतीही ३ ला, कोणतीही ४ ला. पण त्या मेन्सच्या वायरींपासून दूर ठेवा आणि वेगळ्या भोकातून बाहेर काढा. एकेक स्क्रू आवळला की ती वायर हलकेच ओढून बघा. निसटली तर आत्ता निसटू दे.

झाकण लावायच्या आधी, प्लग भिंतीत न घालता, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर, ठेवा. प्लगच्या अर्थ पिनपासून दोन्ही सॉकेटच्या अर्थपर्यंत बीप यायला हवा, न्यूट्रलचंही तसंच. फेज आणि अर्थ यांच्यात बीप आला तर तिथेच थांबा आणि चूक शोधा.

आधी दोन दिवे

नवी डबी थेट फ्रिजला लावायची घाई नको. दोन टेबल लॅम्प आणा, बटणं चालू करून एक थंडच्या सॉकेटमध्ये घाला, एक गरमच्या. डबीला वीज द्या. पडद्यावर खोलीचं तापमान दिसेल. सेट पॉइंट, म्हणजे हवं ते तापमान, त्याच्या आसपास ठेवा.

आता प्रोब, म्हणजे सेन्सरचं टोक, मुठीत घट्ट धरा. आकडा चढू लागेल, 'कूल' लिहिलेला दिवा लुकलुकेल आणि टेबल लॅम्प ढिम्म राहील. हे बरोबर आहे. लुकलुकणं म्हणजे 'थंड करायचंय, पण कॉम्प्रेसरची विश्रांती संपायची वाट बघतोय'. काही मिनिटांनी टक् असा रिलेचा आवाज येतो आणि लॅम्प लागतो. मग प्रोब बर्फाच्या पाण्यात बुडवा. थंडचा लॅम्प विझेल आणि गरमचा लागेल, त्याला वाट पाहावी लागत नाही. दोन्ही लॅम्प एकदम लागले तर पितळी पट्टी आठवा. उलटे लागले तर ६ आणि ८ च्या वायरींची अदलाबदल झालीय.

बर्फाचं पाणी काढलंच आहे, तर कॅलिब्रेशनही, म्हणजे सेन्सरच्या आकड्याची दुरुस्ती, उरकून घ्या. बर्फ बारीक फोडून ग्लास भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा, आणि प्रोब तळाला न टेकवता मध्ये धरा. पाच मिनिटांनी आकडा ० च्या जवळ स्थिरावतो. ०.८ दाखवत असेल, तर कंट्रोलरच्या चौथ्या सेटिंगमध्ये उणे ०.८ भरा. पाणी जास्त आणि बर्फाचे दोन खडे अशा ग्लासावर भरवसा ठेवू नका, त्याचं तापमान ० नसतं. यानंतर २० अंशांच्या आसपास एखाद्या खात्रीच्या थर्मामीटरशी पुन्हा ताडून बघा. आपलं काम तिथे चालतं, शून्यावर नाही.

चार आकडे

एस बटण तीन सेकंद दाबून धरलं की सेटिंग उघडतं. वर-खाली बाणांनी एफ१ ते एफ४ यांतलं एक निवडायचं, मग एस दाबून ठेवून बाणांनी किंमत बदलायची. शेवटी पॉवरचं बटण एकदा दाबून बाहेर पडायचं. ते राहिलं तर बदल जतन होत नाहीत, आणि आपण सेट केलंय असं समजून निवांत झोपतो.

एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ४ म्हणजे आत्ताच भरलेली दुरुस्ती. खरी गंमत मधल्या दोघांत आहे.

एफ२ हा फरक. एफ१ १९ आणि एफ२ ०.५ असेल, तर १९.५ ला फ्रिज सुरू होतो आणि १९ ला बंद. तिकडे १८.५ ला हीटर सुरू होतो आणि १९ ला बंद. नव्या माणसाला वाटतं की ०.३ ठेवलं तर बिअर आणखी काटेकोर राहील. होतं उलटं. फ्रिज बंद झाला तरी त्याच्या भिंती बराच वेळ गारच असतात, त्या बिअरला आणखी खाली ओढतात. पट्टा अरुंद असला की ही घसरण थेट हीटरला जागं करते. मग हीटर वर नेतो, फ्रिज खाली आणतो, आणि बिअर तिथल्या तिथे राहून फक्त विजेचा मीटर फिरतो. ०.५ ने सुरुवात करा. दिवसभर दोघं आळीपाळीने चालताना दिसले तर ०.८ किंवा १ करा. २० लिटर बिअर अर्ध्या अंशाने बिचकत नाही.

एफ३ ही कॉम्प्रेसरची विश्रांती, १ ते १० मिनिटं. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी सुरू केला तर तो दाबाविरुद्ध अडकतो, नुसता गुणगुणतो, तापतो, आणि हे रोज होत राहिलं तर जळतो. मी ५ च्या खाली जात नाही. जुना फ्रिज असेल तर १० ठेवा. बिअरचं तापमान इतक्या हळू सरकतं की या मिनिटांनी काहीही बिघडत नाही.

प्रोब कुठे

डबी कितीही सुबक असो, तिला कळतं ते प्रोबला लागलेलं तापमान, दुसरं काही नाही. बहुतेक लोक प्रोब फ्रिजच्या आत हवेत लोंबकळत सोडतात. हवा दोन मिनिटांत गार होते, फ्रिज बंद. पुन्हा गरम होते, फ्रिज चालू. पडद्यावर १९ आणि फर्मेंटरच्या पोटात २३. पडदा खोटं बोलत नाही, तो हवेबद्दल बोलतोय.

प्रोब फर्मेंटरच्या अंगाला लावा, बिअरच्या पातळीच्या निम्म्या उंचीवर. धातूचं टोक पूर्ण लांबीने भिंतीला टेकलं पाहिजे. त्यावर बोटभर जाडीचा फोमचा तुकडा किंवा चार पदरी बबल रॅप ठेवा, तळहाताएवढा, म्हणजे बाहेरच्या हवेचा वारा प्रोबला लागणार नाही. मग एक पट्टा भांड्याभोवती पूर्ण फिरवून घट्ट आवळा. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. फ्रिजमधल्या दमटपणात ती तिसऱ्या दिवशी सुटते.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझी चिकटपट्टी रात्री सुटली. प्रोब घसरून फ्रिजच्या गार तळाशी जाऊन पडला आणि इमानेइतबारे १५ अंश सांगू लागला. डबीने हीटर लावला. सकाळी पडद्यावर १६ होते, हीटरचा दिवा लागलेला होता, आणि फर्मेंटरला हात लावला तर तो कोमट. थर्मामीटर ३३ म्हणाला. ती बिअर मी बाटलीत भरलीच नाही. तेव्हापासून माझ्याकडे पट्टाही आहे आणि फर्मेंटरवर चिकटवायचा पट्टीसारखा थर्मामीटरही, डबीवर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर तिला दुसरा साक्षीदार असावा म्हणून.

भांड्याच्या झाकणातून आत जाणारी स्टीलची बंद नळी, म्हणजे थर्मोवेल, असेल तर फारच छान. पण अंगाला नीट झाकून लावलेला प्रोब तिच्यापेक्षा फार मागे पडत नाही. आंबणं जोरात असताना बुडबुडेच बिअर ढवळत असतात.

प्रोबची वायर आत नेण्यासाठी फ्रिजच्या भिंतीला भोक पाडू नका. भिंतीच्या आत गॅसच्या नळ्या असू शकतात, आणि हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. दाराच्या रबरी पट्टीखालून बारीक वायर सहज जाते. डबी मात्र बाहेरच ठेवा, आतल्या दमटपणापासून लांब.

हीटर: जितका अशक्त तितका चांगला

२० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात. ४० वॉटचा हीटर तेवढं काम साधारण ३५ मिनिटांत करतो, उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरून. बंद फ्रिजच्या आत हा वेग अगदी पुरेसा आहे. २५ ते ६० वॉटचा पट्ट्यासारखा किंवा चटईसारखा हीटर घ्या. खोली तापवायचा मोठा हीटर फ्रिजमध्ये ठेवण्याचा विचारही नको, प्लॅस्टिकच्या आतल्या भिंती वितळतील आणि आगही लागू शकते.

हीटरचा पट्टा प्रोबपासून लांब बांधा. प्रोब मध्यावर असेल तर पट्टा खाली. दोघं शेजारी असले की प्रोबला फक्त पट्टा जाणवतो.

हाताशी काही नसेल तर जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब चालतो, पण तो पत्र्याच्या डब्यात पूर्ण झाकून, आणि डबा प्लॅस्टिकला टेकणार नाही असा. उजेड बिअरचा वैरी आहे. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर तो पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. बहुतेक बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

फ्रिज नसेल तर? जाड थर्मोकोलची पेटी, आत बर्फाच्या बाटल्या, आणि थंडच्या सॉकेटवर एक छोटा पंखा जो बर्फाकडची हवा फर्मेंटरकडे ढकलतो. एल बिअर यात आरामात होते. बाटल्या रोज बदलाव्या लागतात, एवढीच शिक्षा. इथे कॉम्प्रेसर नसल्याने एफ३ १ वर आणला तरी चालतो.

पहिली बॅच

पहिल्यांदा बिअरऐवजी पाणी भरून एक दिवस चालवा. कंटाळवाणं आहे, पण फ्रिज किती खोल घसरतो, हीटर किती वर नेतो, पट्टा सुटतो का, हे सगळं फुकटात कळतं. दर दोन तासांनी आकडा कागदावर लिहा.

मग एल घ्या, लागर नको. वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा गोड माल्ट-रस, १८ पर्यंत गार झाल्यावरच यीस्ट टाका. आधी गरम वर्टमध्ये टाकून मग फ्रिजला कामाला लावणं ही उलटी गाडी आहे, २० लिटर खाली यायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात यीस्ट नको ते सगळं करून बसतं. पहिले तीन दिवस १८ ते १९. वरचा फेस बसू लागला की २० किंवा २१ वर न्या आणि तिथेच संपू द्या. या शेवटच्या उबेत यीस्ट स्वतःचा पसारा आवरतं. लोण्यासारखी चव देणारं डायअॅसिटिल ते परत खाऊन टाकतं. लागरच्या वेळीही हेच, फक्त आकडे बदलतात: १० ते १२ वर आंबवणं, आणि संपत आलं की दोन-तीन दिवस १६ ते १८.

पहिल्या दोन दिवसांत हीटर लागलाच नाही तर डबी बिघडली असं समजू नका. तेव्हा यीस्टच हीटर असतं. पडद्यावर 'ईई' आलं तर सेन्सरची तार तुटलीय किंवा टर्मिनलमधून निघालीय, आणि तोवर दोन्ही सॉकेट बंद राहतात.

शेवटी बिअर नितळ व्हावी म्हणून तापमान १ किंवा २ अंशांपर्यंत उतरवतात. त्याआधी एअरलॉककडे बघा, म्हणजे झाकणावरच्या पाणी भरलेल्या झडपेकडे, जिच्यातून गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही. गार होताना भांड्यातली हवा आक्रसते आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं. मी एस-आकाराचा एअरलॉक लावतो, त्यात पाणी पुढेमागे होतं पण सहजासहजी आत पडत नाही. त्यात सॅनिटायझर कमीच ठेवतो आणि एका दिवसात पाच-सहा अंशांहून जास्त उतरवत नाही. शून्याच्या खाली सेट करू नका. ५ टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ च्या आसपास गोठू लागते, आणि फ्रीजरच्या भिंतीला टेकलेली बाजू प्रोबला कळण्याआधीच गोठलेली असते.

आंबणं चालू असताना दार उघडलंत तर लगेच डोकं आत घालू नका. बंद फ्रिज कार्बन डायऑक्साइडने भरलेला असतो, नाकात सणकन झोंबतं. दार उघडून मिनिटभर बाजूला उभं राहा. आतल्या भिंतींवर पाणी साठतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. सिलिका जेलचा एक डबा आत ठेवला तर ती बरीच आटोक्यात राहते. तो ओलावला की कोरडा करून परत ठेवायचा.

बॅच संपली की डबीचा प्लग काढा, फ्रिज पुसा आणि दारात कापडाची घडी अडकवून ते बोटभर उघडं ठेवा. जोडणीचा हाताने काढलेला नकाशा आणि एफ१ ते एफ४ चे आकडे एका कागदावर लिहून डबीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा ६ मधली वायर कुठे जाते हे तुम्हाला आठवत नसेल.